मुलूख, माहेर आणि मैना : मराठी लोकगीतातील स्वदेशप्रेमाची घडण

१

मराठी कवितेतील स्वदेशप्रेमाचा इतिहास लिहिताना समीक्षक ज्या वाटेने जातात ती बहुधा ठरून गेलेली आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि गोविंदाग्रज यांची महाराष्ट्रगीते, सावरकर आणि कवी गोविंद यांचे पोवाडे, पुढे राजा बढे यांचे गीत, अशी ती वाट आहे. या रचनांत देश हा संबोधनाचा विषय असतो. कवी त्याच्यासमोर उभा राहतो, त्याच्या नद्या, डोंगर, संत आणि वीर यांचे स्मरण करतो आणि त्या स्मरणातून गौरवाची भावना उभी करतो. या कवितेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिच्याच मापाने लोकगीत मोजले गेल्यामुळे एक विपरीत स्थिती निर्माण झाली. लोकगीतात ‘देश’ हा शब्द या अर्थाने क्वचितच येतो, म्हणून तेथे देशप्रेमही नसावे, असे गृहीत धरले गेले; आणि जेथे ते उघडपणे आढळते त्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील शाहिरीला ‘प्रचारवाङ्मय’ असे नाव देऊन वाङ्मयेतिहासाच्या वेगळ्या दालनात ठेवण्यात आले.

ही विभागणी तपासून पाहणे आवश्यक आहे. लोकगीत गाणारी व्यक्ती आपल्या भूमीसमोर उभी नसते. बहुतेक वेळा ती तिच्यापासून दूर असते. भूमीशी तिचे नाते अभिमानाच्या आधी वियोगाचे असते. जात्यावरची ओवी, तमाशातील लावणी आणि गिरणगावातील छक्कड या तिन्ही ठिकाणी हे वियोगाचे सूत्र वेगवेगळ्या रूपांत आढळते. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत ही रूपे एकत्र येतात आणि त्यांतून एक राजकीय प्रश्न उभा राहतो : ही भूमी कोणाची? हा प्रश्न प्रचाराच्या निकडीतून वरून लादलेला नाही. तो लोकगीताच्या रूपबंधातूनच कसा उगवतो, हे पाहावयाचे आहे.

२

पोवाड्यापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा हे उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुने होत. हॅरी अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मौखिक परंपरेतून जमवलेले पोवाडे १८९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि ही परंपरा छापील वाङ्मयाच्या कक्षेत आली. या पोवाड्यांत भूमी दिसते ती किल्ला, घाट आणि पेठ या रूपांत. ती जिंकली जाते, राखली जाते किंवा गमावली जाते. तानाजी मुलाचे लग्न मागे ठेवून गडावर जातो तेव्हा त्याच्या कृतीचे प्रेरणास्थान स्वामिनिष्ठा हे आहे. भूमीवरचे प्रेम त्या निष्ठेत अंतर्भूत आहे. पोवाड्याचा ‘मुलूख’ हा कर्तृत्वाचा मुलूख आहे. त्यात राबणारा माणूस पार्श्वभूमीला राहतो.

या चौकटीला पहिला मोठा धक्का जोतीराव फुले यांनी दिला. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पोवाड्यात शिवाजी हा कुळवाड्यांचे भूषण म्हणून येतो आणि पोवाड्याचा अपेक्षित श्रोताही बदलतो. कुणबी, माळी, महार, मांग यांच्यासाठी आपण ही रचना करीत आहोत, अशी फुल्यांची स्पष्ट भूमिका होती. मुलूख कोणी जिंकला या प्रश्नाच्या जागी मुलूख मुळात कोणाचा होता, हा प्रश्न पोवाड्यात आला. षष्ठी विभक्तीचा हा प्रश्न पुढे शंभर वर्षे मराठी शाहिरीचा पाठलाग करतो.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे उचित होईल. उर्दूत ‘वतन’ म्हणजे मायभूमी. मराठीत हाच शब्द वंशपरंपरागत हक्क आणि त्यासोबत येणारी चाकरी या अर्थाने रूढ झाला. देशमुखाचे, पाटलाचे, कुलकर्ण्याचे वतन प्रतिष्ठेचे होते. महाराचे वतन म्हणजे गावाची सक्तीची सेवा होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या सेवेतून सुटका व्हावी म्हणून. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा मात्र १९५८ चा आहे. ज्या समाजाच्या वाट्याला ‘वतन’ या शब्दाचा हा अर्थ आला त्याने मायभूमीविषयी गावे तरी कोणत्या शब्दांत? ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईतील मणिभवनात गांधीजींशी झालेल्या भेटीत आपल्याला मायभूमीच नाही, असे डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते. या उद्गाराची छाया मनात ठेवल्याशिवाय दलित शाहिराने गायिलेल्या स्वदेशप्रेमाचे वजन कळत नाही.

३

पोवाड्यातील मुलूख पुरुषाचा, तर ओवीतील माहेर स्त्रीचे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहापासून हेमा राईरकर आणि गी पॉईतव्हाँ यांनी मावळ-मुळशी भागात सुरू केलेल्या व पुढे एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत पोहोचलेल्या संकलनापर्यंत कोणताही संग्रह उघडला, तरी माहेराच्या ओव्यांची संख्या डोळ्यांत भरते. या ओव्यांना ‘कौटुंबिक’ या सदरात घालण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्या स्थलप्रेमाच्या ओव्या आहेत. त्यांत माहेरची वाट आहे, वाटेवरची नदी आहे, सणाला न्यायला येणारा मुराळी भाऊ आहे, गावची वेस आणि तिच्यावरचे झाड आहे. दळणारी बाई त्या गावाचे नाव आवर्जून घेते. कारण सासरच्या घरात ते नाव घेण्याची दुसरी जागा तिला नसते.

परंपरेने प्रत्येक विवाहित स्त्रीला स्थलांतरित केले. जन्मभूमी सोडणे हा पुरुषाच्या आयुष्यातील अपवाद होता, स्त्रीच्या आयुष्यातील तो नियम. त्यामुळे आपल्या भूमीपासून दूर असलेल्या माणसाची भाषा मराठीत सर्वप्रथम आणि सर्वांत समृद्धपणे स्त्रियांनीच घडवली, असे म्हणावे लागते.

या भाषेचे एक लक्षण फार महत्त्वाचे आहे. ज्या भूमीवर ओवीतील स्त्री इतके उत्कट प्रेम करते तिच्यावर तिचा मालकीहक्क नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि केंद्राने २००५ मध्ये. ओव्या घडल्या त्या काळी असा वाटा कल्पनेतही नव्हता. ती भावाकडे शेत मागत नाही. चोळी मागते, सणाचे बोलावणे मागते, भावजयीने दारात उभे ठेवू नये एवढेच मागते. ‘माझे माहेर’ असे म्हणताना तिच्या ‘माझे’ या शब्दात नाते आहे, स्वामित्व नाही. पोवाड्यातील ‘आमचा मुलूख’ आणि ओवीतील ‘माझे माहेर’ यांत व्याकरण एकच आहे. त्या षष्ठीचा आशय मात्र पूर्णतः वेगळा आहे.

४

विसाव्या शतकात हीच स्थिती मराठी पुरुषाच्या वाट्याला आली. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काळात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे गिरणगावात येऊ लागली. बहुतेक जण बायकामुलांना गावी ठेवून आले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणे, खाणावळीत जेवणे, शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाणे, उरलेले वर्ष मनिऑर्डर पाठवणे, असा हा जीवनक्रम होता. ज्या गिरणीने पीठ दळून बाईला जात्यापासून उठवले आणि ज्या गिरणीने कापड विणण्यासाठी तिच्या नवऱ्याला गावातून नेले त्या दोन्हींना मराठीत नाव एकच आहे. एकीने ओवीची जागा काढून घेतली, दुसरीने ओवीतील विरह पुरुषाला दिला.

हा विरह व्यक्त करायला त्याच्यापाशी तयार रूपबंध होता तो लावणीचा. लावणीत विरह आहेच. परंतु पेशवाईतील लावणीत तो बहुधा स्त्रीच्या मुखी घातलेला असतो आणि तो कामभावनेशी निगडित असतो. मुंबई या शहराविषयीची लावणी पठ्ठे बापूराव यांनी लिहिली. तीत शहराचा दिमाख आहे. खेड्यातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना पडलेली भुरळ आहे. अण्णा भाऊंनी त्याच विषयावर, त्याच नावाने लावणी रचली आणि ती जणू बापूरावांना दिलेले उत्तर ठरली. तीत माडी आणि झोपडी शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोघेही वाळवे तालुक्यातले, हा योगायोग लक्षणीय आहे. बापूराव रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णी घराण्यात जन्मून तमाशासाठी गाव आणि जात दोन्ही सोडलेले. अण्णा भाऊ वाटेगावचे. मांग जातीत जन्मलेले, बालपणी कुटुंबासह पायी चालत मुंबईला आलेले. एकाने वतन सोडले; दुसऱ्याला सोडण्याजोगे वतन नव्हतेच. एकाच मातीतून निघालेल्या दोन वाटसरूंना एकच शहर निरनिराळे दिसले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या पथकाने तमाशाच्या रचनेत केलेला एक बदल या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने होतो. सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी या प्रथेत आपापल्या परीने बदल केलेच होते. अण्णा भाऊंनी गणात गणपतीच्या जागी मायभूला आणि शिवाजीला वंदन केले. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि मागे सूर धरणारे झीलकरी हे सारे तसेच राहिले. प्रथम कोणापुढे हात जोडायचे ते बदलले. अशा रीतीने भूमी लोकरंगभूमीच्या पूजास्थानी आली, तीही मागच्या दाराने न येता रूपबंधातील ठरलेल्या जागेवरून. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. जुन्या रूपबंधात भरलेला नवा आशय सत्तेला समीक्षकांच्या आधी कळला होता, असाच याचा अर्थ होतो.

५

राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर शहर पेटले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत श्रमिकांची संख्या मोठी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि बेळगाव, कारवार म्हैसूर राज्यात गेले. आत्माराम पाटील, अमर शेख, गवाणकर, अण्णा भाऊ यांची शाहिरी या काळात सभेच्या आधी आणि सभेनंतर घुमत होती. अण्णा भाऊंच्या एका लोकनाट्याचे नावच ‘मुंबई कुणाची?’ असे होते. फुल्यांच्या पोवाड्यातील षष्ठीचा प्रश्न येथे शीर्षकस्थानी आला.

‘माझी मैना’ ही छक्कड याच वातावरणातील. छक्कड हा लावणीचाच एक हलकाफुलका, चपळ प्रकार. त्यात एकच यमक दीर्घकाळ लांबवत नेता येते आणि प्रत्येक नव्या ओळीगणिक वर्णनाची भर घालता येते. या छक्कडीचा निवेदक मुंबईत आलेला एक गरीब माणूस आहे. आरंभी तो गावी राहिलेल्या आपल्या सखीचे वर्णन करतो. बांधा, रंग, गुण अशा लावणीच्या परिचित क्रमानेच हे वर्णन चालते. मग निरोपाची पहाट येते. शिदोरी बांधली जाते, ती गावाच्या कडेपर्यंत पोचवायला येते, तिचे मन कोमेजते, आणि तो तिला दागिन्यांची वचने देतो. एकेका दागिन्याचे नाव घेऊन दिलेली ही वचने श्रोत्याला हसवतात आणि त्याच वेळी कळवळवतातही. कारण ती पुरी होणार नाहीत हे मंचावरच्या शाहिराला आणि समोरच्या कामगाराला सारखेच ठाऊक आहे. त्यानंतर मुंबई येते : बेकारांची गर्दी, पैशाचा माज, माणसाची पाचोळ्यासारखी अवस्था. आणि मग वर्णनाचा हाच ओघ न थांबता लढ्यात शिरतो. कामगार उठतात, बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात, आणि मैनेची नि आपली जशी ताटातूट झाली तशीच गत खंडित महाराष्ट्राची झाली आहे, असे निवेदक सांगतो.

या वळणावरच समीक्षकांनी आक्षेप घेतला. उत्तम प्रेमगीताच्या शेवटी राजकारण चिकटवले आहे, असे या आक्षेपाचे स्वरूप. परंतु यमकाकडे लक्ष दिले असता हा आक्षेप टिकत नाही. या छक्कडीत ओळीमागून ओळ ‘ची’ या प्रत्ययाने संपते. ‘ची’ हा षष्ठीचा, म्हणजे संबंधाचा प्रत्यय. मैनेच्या रूपाचे वर्णन त्याने होते, दागिन्यांची वचने त्याने दिली जातात, बेकारांची गर्दी त्याने मोजली जाते, आणि शेवटी सीमेवरच्या गावांवरील परक्या मालकीची तक्रारही त्यानेच मांडली जाते. कोण कोणाची, काय कोणाचे, हा प्रश्न पहिल्या ओळीपासून श्रोत्याच्या कानात वाजत असतो. अखेरीस तो केवळ उघड होतो. ज्याला राजकीय शेपूट मानले गेले ते यमकाने सुरुवातीपासून पेरलेले होते. प्रियेपासून प्रदेशापर्यंतची ही वाट उपमेने बांधलेली असली तरी तिचा भार व्याकरणाने पेलला आहे.

या ‘ची’चा आशय ओवीतील ‘माझे’ या शब्दाच्या जवळचा आहे, हेही स्पष्ट दिसते. निवेदकाजवळ गावी जमीन असल्याचा उल्लेख नाही. गरिबीनेच ही ताटातूट घडवली आहे. गाव त्याचे आहे ते तेथे त्याचे माणूस राहते म्हणून. ज्या जातीला गावकुसाबाहेर ठेवले, ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार ठरवून जिच्या माणसांची हजेरी घेतली आणि जिची ही कहाणी अण्णा भाऊंनीच ‘फकिरा’त सांगितली, त्या जातीतील शाहीर भूमीवर हक्क सांगतो तो वंशाचा किंवा वतनाचा नाही. तो नात्याचा आणि श्रमाचा हक्क आहे. मणिभवनातील उद्गाराला दिलेले हे एक वेगळे उत्तर आहे : मायभूमी आयती मिळालेली नसेल, तर ती लढून मिळवावी लागेल; आणि मिळाल्यावर ती कोणाची, हे पुन्हा विचारावे लागेल.

एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. ओवीत वियोगाचे दुःख भोगणारी स्त्री स्वतः बोलते. छक्कडीत वियोग पुरुषाचा होतो आणि गावी राहिलेली मैना मूक होते. शेत, घर, म्हातारी माणसे आणि मनिऑर्डरची प्रतीक्षा हे सारे सांभाळणाऱ्या त्या बाईचे काय झाले, ते हे गीत सांगत नाही. ती भूमीचे प्रतीक झाली आणि प्रतीकाला तक्रार करता येत नाही. स्त्रियांनी शतकानुशतके घडवलेली वियोगाची भाषा पुरुषाने उचलली तेव्हा ती राजकीय झाली, व्यापक झाली. त्या भाषेत बोलणारी मात्र तिच्यातून नाहीशी झाली. शाहिरीच्या इतिहासाने हे देणे अजून फेडलेले नाही.

६

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मुंबई मिळाली, डांग आणि उंबरगावचा बराच भाग गुजरातेत गेला, बेळगाव-कारवारचा प्रश्न राहिला आणि २००४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. याच सुमारास कोयनेच्या धरणाखाली पाटण-जावळीकडची गावे बुडाली. नव्या राज्याच्या विजेसाठी काही माणसांनी आपली गावे दिली. राज्य मिळाल्याने वियोग संपला नाही. मात्र त्याची भाषा मागे पडली आणि गौरवाची भाषा पुढे आली. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी डफाच्या तालावर घरोघर पोहोचवलेले गीत लोकप्रिय झाले. त्यातील दोन कडवी १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारली गेली. राज्याला गौरवगीत लागते, हे स्वाभाविक आहे. शाहिरी ठेक्याला असा मान मिळाला, ही समाधानाचीही गोष्ट आहे. परंतु ज्याला भूमी मिळाली आहे त्याचे ते गीत आहे. जिच्यापासून दूर राहावे लागले त्याचे गीत त्याने विसरले जाऊ नये.

अण्णा भाऊ आणि अमर शेख हे दोघेही १९६९ मध्ये गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि या शाहिरीचा मूळ श्रोता पांगला. विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी ‘माझी मैना’ जिवंत ठेवली. पुढे मात्र ती अनेकदा केवळ विरहगीत म्हणून गायिली जाऊ लागली : पूर्वार्ध रंगतो, टाळ्या पडतात, आणि ज्या उत्तरार्धासाठी यमकाची एवढी बांधणी केली तो बाजूला राहतो. समीक्षेने उत्तरार्धाला जोडलेले शेपूट ठरवले आणि रंगमंचाने ते छाटले. या दोन कृतींमागे दृष्टी एकच आहे.

वाङ्मयेतिहासाकडून आता अपेक्षा करावयाची ती साधी आहे. या छक्कडीची संहिता अखेरच्या ओळीपर्यंत पूर्ण छापली जावी. तिचे स्थान प्रचारवाङ्मयाच्या दालनातून काढून लावणीच्या इतिहासात, बापूरावांच्या मुंबईच्या लावणीशेजारी असावे. आणि तिच्या आधीच्या पानावर माहेराच्या ओव्या असाव्यात, ज्यांच्या कर्त्या बायकांची नावे ठाऊक आहेत तेथे त्या नावांसह. असे केल्यास गावी राहिलेल्या मैनेचे म्हणणेही वाचकाच्या कानी पडेल.